लक्षणे नेहमीसारखी नसतील, तर अपेंडिक्सचे निदान वेळेत कसे व्हावे?

पाऊलवाट

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीच्या आजारपणाबद्दल येथील जाणकारांना विचारायचे आहे. ती आता बरी आहे, त्यामुळे प्रश्न तातडीचा नाही. पण जे घडले ते नीट समजून घेतल्याशिवाय मला स्वस्थता लाभणार नाही.

बहीण २६ वर्षांची आहे आणि रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी राहते. एका शुक्रवारी रात्री तिच्या बेंबीभोवती दुखू लागले. दोन-तीन तासांनी दोन उलट्या झाल्या आणि पहाटेपासून थोडे थोडे जुलाब सुरू झाले. वाटी सरकली असावी असे घरातील वडीलधाऱ्यांना वाटले, म्हणून पोटाला तेल लावून वाटी बसवण्यात आली. शनिवारी सकाळी गावातील डॉक्टरांनी गॅस्ट्रो समजून सलाईन लावले आणि प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या. दुपारनंतर तिला लघवीला वारंवार जावे लागू लागले व जळजळही होऊ लागली, म्हणून आम्ही तालुक्याच्या गावी तपासण्या केल्या. रक्तातील पांढऱ्या पेशी १२,४०० होत्या आणि त्यांत न्यूट्रोफिल या प्रकारच्या पेशी ८४ टक्के होत्या. लघवीत पूपेशी १५ ते २० आढळल्या. सोनोग्राफीच्या अहवालात ‘अपेंडिक्स दिसले नाही, ओटीपोटात किंचित पाणी’ असे लिहिले होते. ताप नव्हता. लघवीचा जंतुसंसर्ग असे निदान होऊन औषध बदलण्यात आले.

रविवारी सकाळी दुखणे एकाएकी जवळजवळ थांबले. आम्ही सगळे निर्धास्त झालो आणि आईने तिला मऊ भात भरवला. त्याच रात्री तिला हुडहुडी भरून ताप चढला आणि पोट फुगले. सोमवारी कोल्हापूरला नेल्यावर सीटी स्कॅनमध्ये दिसले की अपेंडिक्स ओटीपोटात खोल उतरलेले होते, ते फुटले होते आणि त्याच्याभोवती पू साचला होता. शस्त्रक्रिया झाली आणि तिला नऊ दिवस रुग्णालयात राहावे लागले.

अपेंडिक्स म्हणजे उजवीकडे खाली दुखणे, एवढेच आम्हाला ठाऊक होते. तिच्या पोटाला तेथे दाबले तरी शनिवारी विशेष दुखत नव्हते. मला कोणालाही दोष द्यायचा नाही. मला एवढेच जाणून घ्यायचे आहे की, हा आजार शनिवारीच ओळखता आला असता असे त्यात काही होते का? सोनोग्राफीत तो का दिसला नाही? आणि अशा वेळी घरच्यांनी डॉक्टरांना नेमके काय सांगावे आणि काय विचारावे?

जुना शल्यक

आपली बहीण बरी झाली हे वाचून समाधान वाटले. मी सुमारे तीस वर्षे जिल्ह्याच्या ठिकाणी शल्यचिकित्सक म्हणून काम केले आणि आता निवृत्त आहे. आपण वर्णन केलेला आजाराचा क्रम मी अनेकदा पाहिला आहे, आणि सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातूनही तो निसटलेला आहे.

आपल्या मनातील ‘उजवीकडे खाली’ ही खूण कोठून आली, ते आधी सांगतो. आंत्रपुच्छाचा, म्हणजे अपेंडिक्सचा, दाह हा स्वतंत्र आजार आहे, हे बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ साली स्पष्ट केले, आणि न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली पोटावरील तो प्रसिद्ध बिंदू दाखवला. कमरेच्या उजव्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीपर्यंत रेघ ओढली, तर तो बिंदू हाडापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर येतो. आंत्रपुच्छाचे मूळ ढोबळमानाने तेथे असते हे खरे. पण ते सहा ते दहा सेंटिमीटर लांबीचे, एका टोकाला बंद असलेले नळकांडे आहे आणि त्याचे शेंडीकडचे टोक मोकळे असते. ते टोक मोठ्या आतड्याच्या मागे वळलेले असू शकते, ओटीपोटात उतरलेले असू शकते किंवा लहान आतड्याच्या वेटोळ्यांत दडलेले असू शकते. दुखणे कोठे जाणवणार, हे त्या टोकाच्या जागेवर ठरते.

दुखण्याचे दोन टप्पे असतात. आंत्रपुच्छ आतून तुंबून फुगू लागले की त्याच्या संवेदना ज्या मज्जातंतूंतून जातात, ते पाठीच्या कण्यात छातीच्या दहाव्या पातळीवर पोहोचतात. बेंबीच्या त्वचेच्या संवेदनाही त्याच पातळीवर येतात. म्हणून आजार उजवीकडे असूनही पहिली वेदना बेंबीभोवती, बोट ठेवून दाखवता येणार नाही अशी अस्पष्ट असते. पुढे सुजलेले टोक पोटाच्या आतील अस्तराला टेकले की वेदना त्या ठिकाणी येऊन बसते. टोक पुढच्या भिंतीला टेकले तर ती मॅकबर्नी यांच्या बिंदूवर येते आणि पोट दाबताच रुग्ण कळवळतो. ते ओटीपोटात असेल तर पुढच्या भिंतीला काहीच टेकत नाही. पोट मऊ लागते आणि तपासणारा फसतो. बेंबीकडून उजवीकडे सरकणारे दुखणे, उलटी, हलका ताप आणि त्याच जागी दुखरेपणा असा पाठ्यपुस्तकातील संपूर्ण क्रम जवळपास निम्म्याच रुग्णांत दिसतो. तेव्हा आपण ज्याला वेगळे म्हणता, ते आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोजचेच आहे.

आता आपल्या बहिणीच्या लक्षणांकडे पाहू. ओटीपोटातील सुजलेले आंत्रपुच्छ एका बाजूला गुदाशयाला आणि दुसऱ्या बाजूला मूत्राशयाला खेटते. गुदाशय चाळवला की थोडे थोडे, आवेसारखे, कुंथून होणारे जुलाब लागतात. मूत्राशय किंवा मूत्रनलिका चाळवली की वारंवार लघवी, जळजळ आणि लघवीत पूपेशी दिसतात. म्हणजे लघवीचा तो अहवाल खोटा नव्हता. त्याचा अर्थ शेजारच्या घरातून येत होता. गॅस्ट्रोमध्ये बहुधा उलटी-जुलाब आधी होतात, जुलाब पाण्यासारखे व भरपूर असतात, आणि पोटातील पीळ जुलाबाबरोबर येऊन ओसरतो. आपण लिहिले आहे की दुखणे आधी सुरू झाले आणि उलट्या दोन-तीन तासांनी झाल्या. हा क्रम अतिशय मोलाचा आहे. दुखणे आधी, उलटी नंतर आणि अन्नावरची वासना गेलेली, असे असेल तर मी जुलाब असूनही आंत्रपुच्छ मनातून काढत नाही.

अल्फ्रेडो अल्वाराडो यांनी १९८६ साली गुणांची एक सोपी पद्धत मांडली, ती आजही वापरली जाते. दुखण्याचे स्थलांतर, भूक जाणे, मळमळ किंवा उलटी, दाब सोडताना दुखणे, ताप आणि न्यूट्रोफिलचे वाढलेले प्रमाण यांना प्रत्येकी एक गुण आहे, तर उजवीकडे खाली दुखरेपणा आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी यांना प्रत्येकी दोन, एकूण दहा. तिची भूक गेली होती असे धरले, तर शनिवारी तिचे पाच गुण होतात. पाच गुणांवर पोट उघडायचे नसते, पण रुग्णाला घरी पाठवून विषय संपवायचाही नसतो. अशा रुग्णाला जवळ ठेवायचे आणि काही तासांनी, शक्यतो त्याच डॉक्टरांनी, पुन्हा तपासायचे. ओटीपोटातील आंत्रपुच्छासाठी गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी उपयोगी पडते, कारण पोटावर न सापडणारा दुखरेपणा कधी कधी तेथेच सापडतो. तिच्या वयाच्या स्त्रीची गर्भचाचणीही झालीच पाहिजे, कारण गर्भनलिकेतील गर्भधारणा आणि बीजकोशाला पडलेला पीळ हे दोन्ही असेच दुखतात आणि दोन्हींत वेळ दवडून चालत नाही.

रविवारच्या आरामाबद्दल मला मनापासून सांगावेसे वाटते, कारण त्या आरामाने मलाही एकदा फसवले आहे. तुंबून ताणलेले आंत्रपुच्छ फुटले की आतील दाब उतरतो आणि काही तास रुग्णाला खरोखर बरे वाटते. नंतर पू पसरतो आणि ताप, फुगलेले पोट, वाढलेली नाडी असे सारे एकदम पुढे येते. माझा रुग्ण ऊसतोड कामगार होता. त्याला उजव्या कुशीत आणि पाठीत दुखत होते आणि लघवीत थोड्या लाल पेशी होत्या. मी मुतखडा समजलो. त्याचे आंत्रपुच्छ मोठ्या आतड्याच्या मागे होते आणि वायूने भरलेले आतडे पुढे असल्याने माझ्या हाताला काही लागत नव्हते. खड्याचा रुग्ण तळमळतो, त्याला कोणत्याही कुशीवर चैन पडत नाही. हा गृहस्थ मात्र उजवी मांडी पोटाशी घेऊन निश्चल पडून होता आणि पाय सरळ मागे नेला की ओरडत होता. ही खूण माझ्या समोर होती; मी अहवालाकडे पाहत राहिलो. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘आता बरं वाटतंय,’ आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला. तो वाचला, पण दीड महिना त्याची मजुरी बुडाली.

क्ष-किरण

मी रेडिओलॉजिस्ट आहे. सोनोग्राफीविषयीच्या प्रश्नाचे उत्तर देतो.

‘अपेंडिक्स दिसले नाही’ आणि ‘अपेंडिक्स निरोगी आहे’ ही दोन अगदी वेगळी वाक्ये आहेत, आणि रुग्णांचे नातेवाईकच काय, घाईत असलेले डॉक्टरही पहिले वाक्य दुसऱ्यासारखे वाचतात. ज्युलियन प्युलार्ट यांनी १९८६ साली या तपासणीची जी रीत दाखवली, तीत प्रोब, म्हणजे पोटावर टेकवायचे उपकरण, हळूहळू दाबत आतड्यातील वायू बाजूला सारायचा असतो. निरोगी आंत्रपुच्छ दाबाखाली चेपते. सुजलेले चेपत नाही आणि त्याची जाडी बहुधा सहा मिलिमीटरपेक्षा जास्त भरते. पण मध्ये वायू असेल, रुग्ण स्थूल असेल, दाब सहन होत नसेल, किंवा टोक आतड्यामागे वा ओटीपोटात असेल, तर ते दिसत नाही. तपासणी करणाऱ्याच्या अनुभवावरही बरेच अवलंबून असते.

मात्र त्या अहवालात ‘ओटीपोटात किंचित पाणी’ असेही होते. तरुण स्त्रीमध्ये थोडे पाणी पाळीच्या चक्रामुळे स्वाभाविकही असू शकते, म्हणून त्यावरून निदान होत नाही. तरीही वाढलेल्या पांढऱ्या पेशींबरोबर ते वाचले असते, तर पुढची पायरी सुचली असती. विवाहित स्त्रीत योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत ओटीपोटातील आंत्रपुच्छ कधी कधी स्पष्ट दिसते. नाही तर सीटी स्कॅन. शिरेतून औषध देऊन केलेला सीटी साधारण ९५ टक्के रुग्णांत हा आजार पकडतो आणि टोक कोठे दडले आहे तेही दाखवतो.

किरणोत्सर्गाची भीती लोक वारंवार बोलून दाखवतात. पोटाच्या एका सीटीतून साधारण आठ ते दहा मिलिसिव्हर्ट इतकी मात्रा मिळते, आणि निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी अडीचच्या आसपास मिळतच असते. ही मात्रा नगण्य नाही, म्हणून मुलांत व गर्भवतींत आम्ही टाळाटाळ करतो, आणि ती योग्यच आहे. पण सव्वीस वर्षांच्या स्त्रीत निदान अडलेले असताना फुटलेल्या आंत्रपुच्छाचा धोका त्याहून कितीतरी मोठा असतो.

बाळाची नाडी

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि मुलांविषयी थोडे लिहिते, कारण निदान सर्वांत जास्त हुकते ते तेथे. पाच वर्षांखालील मुलांत आजार लक्षात येईपर्यंत बहुतेक वेळा आंत्रपुच्छ फुटलेले असते. लहान मूल कोठेही दुखले तरी बेंबीवरच बोट ठेवते. त्याच्या पोटातील चरबीचा पडदा, जो मोठ्या माणसांत सुजलेल्या भागाला गुंडाळून पू रोखतो, अजून पुरता वाढलेला नसतो.

मी आईला विचारते की मूल वाकून चालते का, उजवा पाय ओढते का, रिक्षात खड्ड्यावर हादरा बसला की रडते का. मोठ्या मुलाला मी जागच्या जागी उडी मारायला सांगते. ज्याला पोट धरून उडी मारवत नाही, त्याला मी घरी सोडत नाही. उलट बाजूही सांगायला हवी. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातील न्यूमोनियाने, मधुमेहाच्या पहिल्या झटक्याने आणि मुलग्यांत वृषणाला पडलेल्या पिळानेही पोटच दुखते. म्हणून पोटदुखीच्या मुलाची छाती ऐकणे आणि चड्डी काढून तपासणे मी कधीही टाळत नाही.

दूरदेशी

मी जर्मनीत राहते. सातव्या महिन्यात असताना मला उजवीकडे, बेंबीच्या वरच्या बाजूला दुखू लागले. मळमळ गरोदरपणामुळेच असणार असे मी दोन दिवस धरून चालले होते. सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणून एमआरआय केला, त्यात निदान झाले आणि त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. मुलगी आता चार वर्षांची आहे. मला विचारायचे आहे की, गरोदरपणात आंत्रपुच्छ नेहमीच वर सरकते का?

जुना शल्यक

दूरदेशी ताई, वाढते गर्भाशय आंत्रपुच्छाला वर व बाहेर ढकलू शकते आणि आपले दुखणे तसेच होते. पण गरोदर स्त्रियांतही सर्वाधिक वेळा दुखते ते उजवीकडे खालीच, म्हणून वर दुखत नाही एवढ्यावरून आजार नाही असे मानू नये. हा आजार साधारण दीड हजार गरोदरपणांत एकदा होतो. अडचण अशी की मळमळ तेव्हा नेहमीचीच असते आणि पांढऱ्या पेशी एरवीही वाढलेल्या असतात, त्यामुळे दोन्ही खुणा बोथट होतात. आंत्रपुच्छ फुटले तर बाळाला असलेला धोका बराच वाढतो. आपल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीवर न थांबता एमआरआय केला, हे उत्तम झाले.

वृद्धांबद्दलही दोन शब्द. सत्तरीच्या माणसाला ताप येत नाही, पांढऱ्या पेशी वाढत नाहीत, ‘थोडं जड वाटतंय’ इतकेच तो सांगतो, आणि पोट उघडले तर आत पू असतो. चाळिशीनंतर आजार बरा झाल्यावरही मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घ्यावी असे मी सुचवतो, कारण क्वचित तेथील गाठीमुळेच आंत्रपुच्छ तुंबलेले असते.

पाऊलवाट

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. दुखणे आधी आणि उलटी नंतर, ही गोष्ट आम्ही शनिवारी डॉक्टरांना सांगितलीच नव्हती. ‘उलटी, जुलाब आणि पोटदुखी’ असे एका दमात सांगितले होते. तिची भूक मात्र शुक्रवारपासूनच पूर्ण गेली होती. अजून तीन शंका आहेत. पहिल्या दिवशी दिलेल्या गोळ्यांनी आजार झाकला गेला का? वेदनाशामक देऊ नये असे घरी सांगितले जाते, ते बरोबर आहे का? आणि हल्ली शस्त्रक्रियेशिवाय औषधांनी अपेंडिक्स बरे होते असे वाचले, ते खरे आहे का?

जुना शल्यक

प्रतिजैविकाच्या अर्ध्यामुर्ध्या मात्रेने ताप दबतो आणि दुखरेपणा कमी होतो. आजार मात्र आत चालू राहतो. आपल्या बहिणीला रविवारी रात्रीपर्यंत ताप नव्हता, त्याचे एक कारण हे असू शकते. वेदनाशामकाची गोष्ट निराळी आहे. आमच्या शिक्षकांनी आम्हाला निदान होईपर्यंत वेदनाशामक देऊ नका असे शिकवले होते, पण नंतरच्या अभ्यासांत वेदना शमवल्याने निदान बिघडत नाही असे दिसून आले. रुग्णालयात रुग्णाला कण्हत ठेवण्याचे कारण उरलेले नाही. घरी मात्र गोळी घेऊन दोन दिवस वाट पाहत बसू नये. एरंडेल, एनिमा, पोट चोळणे आणि वाटी बसवणे ही कामे अशा दुखण्यात मुळीच करू नयेत. तुंबलेल्या आंत्रपुच्छावर बाहेरून दाब देणे धोक्याचे आहे. आपल्या घरच्यांनी ते प्रेमापोटी केले, हे मी जाणतो.

औषधांनी उपचार शक्य आहेत, पण ते निदान निश्चित झाल्यावर, निवडक रुग्णांत आणि रुग्णालयाच्या देखरेखीखाली. अमेरिकेत १,५५२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, प्रतिजैविके दिलेल्यांपैकी २९ टक्क्यांना ९० दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करावीच लागली. आंत्रपुच्छात मळाचा खडा असलेल्यांत हे प्रमाण ४१ टक्के होते. गॅस्ट्रो समजून दिलेल्या गोळ्या आणि हे उपचार यांची तुलना होऊ शकत नाही.

डॉक्टरांना काय सांगावे, हे विचारलेत. दुखणे किती वाजता व कोठे सुरू झाले, त्यानंतर काय काय आणि कोणत्या क्रमाने घडले, शेवटचे खाणे केव्हा झाले, पाळीची तारीख आणि घेतलेली प्रत्येक गोळी, हे कागदावर वेळेसह लिहून न्यावे. एकच प्रश्न विचारायचा असेल तर असा विचारावा: ‘हे अपेंडिक्स नाही असे आपण कशावरून म्हणता, आणि पुन्हा केव्हा तपासाल?’ चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

जाता जाता एक विचारतो. काढलेल्या आंत्रपुच्छाचा सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीचा अहवाल आपण घेतला आहे का? आपल्याकडे त्या भागातील आतड्याचा क्षयरोग हुबेहूब असाच दुखतो, आणि क्वचित टोकाशी लहानशी गाठही निघते. पुष्कळ घरी तो अहवाल आणायचाच राहून जातो.

पाऊलवाट

नाही, तो घेतलेला नाही. अशी तपासणी होते हेच आम्हाला ठाऊक नव्हते. आत्ताच रुग्णालयात दूरध्वनी केला. अहवाल तयार आहे, फक्त कोणी न्यायला आले नव्हते. मंगळवारी टाके दाखवायला जायचे आहे, तेव्हा तो घेऊन येतो आणि त्यात काय लिहिले आहे ते येथे कळवतो.